धरणाच्या वरच्या उतारावर काय लावावं, काय लावू नये

जून लागला की फोन सुरू होतात. "सर, ट्रॉलीभर रोपं आणलीत, तलावापाशी लावायची म्हणतोय, येता का?" पाटबंधाऱ्यात उभी नोकरी झाली, त्यामुळे बार्शी, करमाळा, सांगोल्याकडची पोरं हक्कानं विचारतात आणि मला ते मनापासून आवडतं. मी उलट एकच विचारतो: तलावापाशी म्हणजे नेमकं कुठं? तलावाच्या मातीच्या बांधावर म्हणजे भरावावर, पाण्याच्या काठावर, की वरच्या डोंगराला? या तीन जागांची उत्तरं तीन आहेत. एका ठिकाणी जे झाड गाळ अडवतं, तेच दुसऱ्या ठिकाणी तलाव फोडायला कारण होतं.

"सोलापुरात कुठली आलीय दरड?" असंही कोणी विचारतं. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माळरान आणि काळी रानं. डोंगर म्हणायचे तर बार्शीकडचे बालाघाटाचे. पण आपल्या नळाला येणारं पाणी बघा. उजनीत भीमा येते, भीमेत घोड मिळते, आणि घोडेवर डिंभे धरण आहे. त्या डिंभ्याच्या पाणलोटातलं माळीण गाव 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. म्हणजे आपल्या धरणाचं माहेर दरडींच्या मुलखात आहे. डोंगरावरून सुटलेली माती एका पावसात उजनीला येत नाही, पण ओढ्यांतून, नद्यांतून, वरच्या धरणांतून पुढं सरकत राहते. शिवाय आपल्या छोट्या तलावांचे काठ ढासळतात, ओघळी वाढतात, पाझर तलावांचे भराव घसरतात. मोजमाप लहान असलं तरी नियम तेच.

मुळं काय करतात, ते आधी समजून घ्या. दरड म्हणजे उतारावरचा मातीचा थर खालच्या कठीण थरावरून घसरणं. बारीक मुळं त्या मातीत काँक्रीटमधल्या सळईसारखं काम करतात. माती दाब सोसते पण ताण सोसत नाही, तो ताण मुळं घेतात. मुळांमुळं मातीला सर्वसाधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोपासून दोन टनांपर्यंत जादा पकड मिळते, झाड कुठलं आणि मुळं किती दाट त्यावर. उथळ घसरणीत ही पकड डोंगर वाचवू शकते. पण बहुतेक मुळांचा दाट भाग वरच्या मीटर-दीड मीटरात असतो. घसरण्याचा थर पाच मीटर खाली असेल तर वरचं जंगल त्या मातीवर बसून मातीबरोबर खाली येतं.

इटलीतल्या वायाँत धरणाचं उदाहरण मी प्रत्येक बैठकीत देतो. तिथं 1960 मध्येच डोंगरावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली होती. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री डोंगराचा सव्वीसएक कोटी घनमीटरचा तुकडा जलाशयात आला. धरणाची भिंत उभी राहिली, पाणी तिच्यावरून गेलं, खालच्या खोऱ्यातली जवळपास दोन हजार माणसं गेली. घसरणीचा थर इतका खोल होता की वर कुठलं झाड आहे याला काही अर्थच नव्हता. अशा ठिकाणी वृक्षारोपणाचा फलक लावणं म्हणजे लोकांना खोटा धीर देणं. तिथं भूवैज्ञानिक लागतो, पाण्याची पातळी सांभाळणारा लागतो आणि वेळेवर हलणारी माणसं लागतात.

झाडांच्या वजनानं डोंगर खाली येतो असंही काही जण ठासून सांगतात. एक मीटर जाडीची भिजलेली माती चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास भरते. दाट जंगलाचं वजन पसरून मोजलं तर त्याच्या थोड्याशा हिश्श्याएवढंच होतं. वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त: उथळ मातीत उभं असलेलं उंच झाड वादळात हलतं, मुळांभोवती माती सैल होते आणि पाणी आत शिरतं.

पाण्याचं गणित दुहेरी आहे. पानं पाऊस झेलतात, मुळं मातीतलं पाणी ओढतात, त्यामुळं सुरुवातीच्या पावसाला उतार कोरडा राहतो. सह्याद्रीत सलग आठवडाभर कोसळायला लागला की हा फायदा संपतो, माती भिजायची ती भिजतेच. मुळांच्या वाटांनी पाणी जमिनीतही जास्त मुरतं. आपल्या माळाला ते वरदान आहे. पण तीव्र उतारावर, पातळ मातीखाली गच्च बेसॉल्ट असेल तर मुरलेलं पाणी खडकावर साचतं आणि मातीला खालून उचलतं. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, झरे बऱ्याचदा तिथूनच फुटतात. तो पट्टा दिसला की मी थांबून नीट बघतो.

रोपं आणायच्या आधी उतार चालून या

सोबत पहार, दोन मीटरची काठी, दोरी, ओळंबा आणि वही घ्या. काठी उताराच्या वरच्या टोकाला टेकवून आडवी धरा, मोबाइलमधल्या पाणसळीनं सरळ करा, दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडा. दोन मीटरला एक मीटर उतरत असेल तर उतार साधारण 27 अंश. दोनाला दोन उतरला तर 45 अंश. दोनाला एकपेक्षा तीव्र आणि वर मातीचा जाड थर असेल, तर तो उतार संशयित धरायचा.

मग पहार मारा. एका जागी नव्हे: माथ्याला, मध्यावर, पायथ्याला. हातभर खाली दगड लागतोय की पहार पूर्ण आत जातेय, ते लिहा. रस्त्यासाठी किंवा पाइपलाइनसाठी कुठं डोंगर कापला असेल तर ती उघडी भिंत बघा. मुळं कुठवर पोचलीत, त्याखाली मुरूम आहे की मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, पाणी कुठून पाझरतंय, सगळं तिथं दिसतं. मुळं खडकाच्या भेगांत शिरली असतील तर उतार भाग्यवान. मातीच्या तळाशी आडवी पसरून थांबली असतील, तर भरवसा ठेवू नका.

उभी झाडं बोलतात. बुंधा पायथ्याशी वाकून वर सरळ झाला असेल तर माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकतेय. एकाच पट्ट्यातली झाडं वेगवेगळ्या दिशांना कललेली असतील तर सरकणं अलीकडचं आहे. माथ्याजवळ उताराला आडवी भेग, तिच्यावर ताणलेली मुळं, खाली पायथ्याला फुगवटा, कुंपणाची तार एकाएकी ताणलेली: यातलं एकही दिसलं तर रोपांचा टेम्पो परत पाठवा आणि तहसीलला लेखी कळवा. जिथं वर्षभर कोरडं असायचं तिथं लव्हाळा उगवला, तर आतून पाणी यायला लागलंय.

मेंढपाळांना विचारायला विसरू नका. बालाघाटाच्या बाजूला एका तलावावर असताना एक म्हातारे धनगर मामा सकाळीच चौकीवर आले होते. म्हणाले, "सायेब, झऱ्याचं पाणी कालपासनं लाल यायलंय." झऱ्याचं स्वच्छ पाणी गढूळ होणं म्हणजे आतून माती वाहून येतेय. आम्ही वर जाऊन बघितलं तर पाऊलभर रुंद भेग होती. खालची दोन वस्त्यांची माणसं त्याच दिवशी हलवली. तो काठ पुढच्या पावसात बसला.

वरच्या डोंगराला

आपल्याकडच्या डोंगराला सगळ्यात आधी गवत. पवना, मारवेल, कुसळी, अंजन. दोन वर्षं चराईबंदी पाळली तर बरंचसं आपोआप येतं, हे मी कितीतरी गावांत बघितलंय. चराईबंदी फुकट आहे म्हणून तिला मान नाही, खड्डे खणण्याला आहे. गवतामागून निर्गुडी, करवंद, बोराटी, तरवड अशी झुडपं. त्यानंतर हिवर, खैर, धावडा, सालई. एकाच जातीची रांगच्या रांग लावू नका. गिरीपुष्प पटकन वाढतो म्हणून सगळीकडे तोच लावला जातो, पण एकाच वयाच्या, एकाच खोलीच्या मुळांनी उताराला थरावर थर पकड मिळत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखं अस्सल माळरान असेल तर तिथं झाडं लावूच नका. ते गवत माती धरूनच आहे. त्यात खड्डे घेऊन आपण ओघळींना तोंड फोडून देतो, आणि माळावरच्या पाखरांचं घरही मोडतो.

वाळा ओघळीच्या काठाला आणि समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीच्या रेषेवर उत्तम. त्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत तीन मीटरपर्यंत. ठोंब वितीच्या आतल्या अंतरावर, एका ओळीत, समतल रेषेवर लावायचे. मध्ये फट राहिली तर पाणी नेमकं तिथूनच घुसतं. त्याला ऊन लागतं आणि पहिल्या पावसाळ्यात ओल टिकावी लागते. आपल्याकडे जूनचा पाऊस दगा देतो, सप्टेंबरचा खरा, म्हणून लावणीनंतर पाण्याची सोय हवीच.

सलग समतल चर सौम्य उतारावर चांगलेच. पण जो उतार तुम्ही वर संशयित धरलात, तिथं चर खणू नका. तुम्ही मातीत पाणी भरताय आणि माती सरकायच्या तयारीत आहे. माळीणनंतर डोंगर सपाट करून शेती केल्याचा मुद्दा चर्चेत आला होता. तो वाद काहीही असो, उताराचा पायथा कापायचा नाही आणि माथ्यावर पाणी तुंबवायचं नाही, एवढं पक्कं धरा. तिथं पाणी बाजूला काढून खडकाळ ओढ्यात सोडणारा आडवा चर लागतो.

तोडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नुकसान इथंच होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. झाड तोडलं की त्या वर्षी काही होत नाही, मुळं अजून शाबूत असतात. मग ती कुजायला लागतात. नवी झाडं मोठी होईपर्यंतची, साधारण तिसऱ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंतची वर्षं सगळ्यात वाईट. दरड येते तेव्हा तोडणारा ठेकेदार कधीच विसरलेला असतो. म्हणून उतारावर वेडी बाभूळ काढायची असेल तर जेसीबी लावून एका दमात काढू नका. आडवे पट्टे पाडा, एक पट्टा काढा, तिथं गवत धरू द्या, मग पुढचा. कडुनिंब, हिवर अशी पुन्हा फुटणारी झाडं बुंध्याशी तोडली तर मुळं जिवंत राहतात. सह्याद्रीत ऐन आणि सागाचंही तसंच. खोड उपटणं आणि खोड छाटणं यात उतारासाठी फार अंतर आहे.

वणव्याचंही तसंच. कुसळी जाळली की नवं गवत चांगलं येतं हा समज गावोगाव आहे. जळालेल्या उतारावर राख आणि उघडी माती उरते, पहिला जोराचा पाऊस सगळं ओढ्यात आणतो. कॅलिफोर्नियात डिसेंबर 2017 मध्ये डोंगर जळाले आणि जानेवारी 2018 च्या पहिल्या मोठ्या पावसात माँटेसिटो गावात चिखल-दगडांचे लोंढे घुसले, वीसहून जास्त माणसं गेली. तिथली झुडपं वेगळी, माती वेगळी, पण उघड्या उताराचं वागणं ओळखीचं आहे. जाळपट्टे, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे काढा आणि उन्हाळ्यात माणूस ठेवा.

घळीत आणि ओढ्यात

दरड सुटली आणि घळीत शिरली की पाणी, माती, धोंडे, झाडं यांचा दाट लोंढा होतो. तो वाटेत घळीचा तळ आणि काठ खरवडत मोठा होत जातो. अशा घळीच्या तळात उंच झाडं लावू नका. लोंढा ती उपटतो, अरुंद जागी अडकवतो, मागं पाणी तुंबतं आणि मग तो बांध एकदम फुटतो. वाहून आलेले ओंडके जलाशयात जाऊन सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, दरवाज्यांशी अडकतात. ऐन पुरात सांडवा तुंबणं ही मातीच्या धरणाची सगळ्यात वाईट वेळ, कारण पाणी भरावावरून गेलं की भराव टिकत नाही. पावसाळ्याआधी ओढ्यातली पडलेली खोडं काढून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, तरी ते रोपं लावण्याच्या आधीचं आहे.

घळीच्या दोन्ही काठांना बांबू, निर्गुडी, करंज, वाळा. जिथं घळ संपून जमीन पसरट होते, तिथं दाट झाडी हवी. लोंढ्याचा वेग तिथं मोडतो आणि धोंडे जलाशयाच्या आधीच बसतात. अनगड दगडी बांध फक्त लहान, सौम्य ओघळीत घाला. उभ्या घळीत घातलेले सुटे दगड पुढच्या लोंढ्याचे दगड होतात.

काठावर

उजनीचं पाणी मायनसमध्ये जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाचा साठाही उतरायला लागतो, तेव्हा आपल्याला टंचाई दिसते. 2024 च्या उन्हाळ्यात तर ते वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. काठाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा: पातळी भरभर उतरली की काठाच्या मातीतलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर पडत नाही, बाहेरचा आधार गेलेला असतो, आणि काठ घसरतो. काळ्या मातीत भेगा पडतात त्या वेगळ्याच, पहिला वळीव थेट आत जातो. वर-खाली होणाऱ्या पट्ट्यात फारसं काही टिकत नाही, तिथं पैसे घालू नका. पूर्ण भरल्यावर पाणी जिथं टेकतं, त्या रेषेच्या वर वाळ्याची ओळ, मग करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज. पाण्यापर्यंत नांगरणाऱ्या शेतकऱ्याशी भांडू नका, पण पाण्याकडच्या शेवटच्या काही सरींवर गवत सोडायला त्याला तयार करा.

भरावावर

इथं एकही झाड नको. फक्त गवत: हरळी, मारवेल. आपल्याकडे 1871 सालच्या एकरुख म्हणजे हिप्परग्याच्या तलावापासून कालच्या पाझर तलावापर्यंत मातीचे भराव पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्यांना हे लागू आहे. मूळ भरावात पाण्याच्या मागं जातं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि पाण्याला आयती नळी मिळते. वादळात झाड उलथलं तर भरावाचा तुकडा घेऊन जातं. झुडपं माजली की घुशी, साळिंदरं बिळं करतात आणि पाझर दिसत नाही. पिचिंगमधून, म्हणजे भरावाच्या पाण्याकडच्या बाजूला बसवलेल्या दगडांमधून उगवलेला पिंपळ तर बोटाएवढा असतानाच काढायचा. देवाचं झाड म्हणून कोणी हात लावत नसेल तर पूजा करून, दुसरीकडं लावून काढा. गावकरी ऐकतात, नीट सांगितलं तर.

छोटी रोपं मुळासकट उपटा, खड्डा मुरमानं थर देत चोपून भरा. मोठं झाड स्वतः तोडू नका. नुसतं वरून तोडलं तर मुळं आत कुजतात. पाणी खाली असताना, खात्याच्या अभियंत्यासमोर खोड आणि मुख्य मुळं काढून ती जागा पुन्हा चोपून बांधावी लागते. भरावाच्या पायथ्यापासूनही पंधरा मीटर मोकळे ठेवा.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी भरावाच्या कोरड्या बाजूनं चाला. सगळं गवत करपलेलं असताना एखाद्या जागी हिरवं दिसलं, लव्हाळा किंवा पाणकणीस उगवलं, तर तिथून पाझर आहे. उन्हाळ्याइतकी ही खूण दुसऱ्या कुठल्याच ऋतूत स्वच्छ दिसत नाही. फोटो काढा, शेजारी काठी ठेवा म्हणजे आकार कळेल, तारीख लिहा, आणि पुढच्या आठवड्यात तिथंच परत बघा. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे मुद्दाम लिहा. गढूळ असेल तर त्याच दिवशी कळवायचं.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर. गावचे बहुतेक पाझर तलाव त्याबाहेर राहतात. तिथं ग्रामपंचायतीनं दोन माणसं ठरवून मे आणि ऑक्टोबरमध्ये हा फेरा करावा. सोलापूरला 14 ऑक्टोबर 2020 चा पाऊस आठवतो, त्यामुळे मोसम संपला म्हणून फेरा सोडू नये.

शेवटचं, डोंगराखाली किंवा घळीच्या तोंडाशी वस्ती असेल त्यांच्यासाठी. रात्री सलग पाऊस चालू आहे आणि ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर वर कुठंतरी अडलंय. धोंडे घासल्याचा आवाज आला, जमिनीला कंप जाणवला, पाण्याला मातीचा उग्र वास आला, तर सामान गोळा करू नका. जनावरांची दावी कापा. ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका, ओढ्याला आडवं होऊन बाजूच्या उंच, कडक जमिनीवर जा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तो घरातल्या लहान पोरांनाही पाठ करवा. पण आधी निघा, फोन वाटेत लावा.